भिंगरीचा डावा डोळा

४, मंगळवार

भिंगरी आज पहिल्यांदा फाटकाबाहेर. चाळीस पावलं! तेवढ्यात गटाराचं झाकण, दोरीवरची चादर आणि स्वतःची सावली — तिघांनाही भिऊन झालं. तीन वर्षांची घोडी, लाथ मारली तर दार निखळेल, आणि भिते कशाला, तर चादरीला! मोठ्याने हसलो. सोबत हसायला कोणी नव्हतं.

मागच्या वर्षीपर्यंत दोरी धाकट्या भावाच्या हातात असायची. मी चार पावलं पुढे, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. आता दोरीही मीच धरतो आणि हातही मीच दाखवतो. तो सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलतो. त्याचा गुडघा वाकत नाही. तांबड्या घोडा त्याच्या हातातून सुटला, त्याला वर्ष होईल आता. मी त्याला केव्हाच माफ केलंय. तोच इकडे फिरकत नाही.

५

पाऊणशे पावलं. चादरीला आता भीक घालत नाही.

७, शुक्रवार

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. भिंगरी त्यांची. "तीस तारखेला मला ती रस्त्यावर चालवायचीय. घाई नाही हं!" तीस तारीख आणि घाई नाही! म्हटलं, होईल.

आजपासून पूर्ण फेरी. बाबांची फेरी. फाटक, शाळेची भिंत, पूल, लाकडाची वखार, पेट्रोलपंप आणि मागच्या गल्लीने घरी. बाबांचा नियमच होता — घोडा गोल फिरवायचा, आल्या वाटेने कधी परत आणायचा नाही. आल्या वाटेने वळवला की त्याला घर दिसायला लागतं, मग तो ओढतो. बाबा गेले, पण फेरी तीच ठेवली. किती घोडे तयार झाले या वाटेवर!

वखारीत करवत किंचाळली तशी भिंगरी जागच्या जागी नाचायला लागली. मी नेहमीसारखा तिच्या डाव्या अंगाला, वखार उजवीकडे. नुसता उभा राहिलो. घोड्याला "भिऊ नकोस" सांगून काही होत नाही, त्याला बघू द्यावं लागतं. दहा मिनिटांनी तिने लांब श्वास सोडला, मान खाली घातली. शहाणी पोर.

१३, गुरुवार

सहा दिवसांत वखार खिशात! करवत चालू, फळ्या धडाधड पडतायत आणि बाईसाहेब शेपटीने माशा वारतायत. खरारा करताना तिचं तोंड भरून कौतुक केलं. बायको दारातून ऐकत होती. म्हणाली, "याच्या निम्मं गोड भावाशी बोलला असतात तर…" मी म्हणालो, "चूक त्याची आणि बोलायचं मी?" तर म्हणे, जेवण गार होतंय.

१४

तिचं बोलणं डोक्यातून जाईना. पण माझं काय चुकलं? तांबड्या वखारीवरून रोज मांजरासारखा जायचा. त्या दिवशी मी घरीच होतो, गिऱ्हाईक लवकर आलं म्हणून धाकट्याला फोन केला. तो पंपापाशी होता. म्हटलं, "असशील तिथून वळ, लवकर ये." वळला. वखारीशी तांबड्या उधळला, याला फरफटत नेलं, गुडघ्याचा चुरा. रोजची वखार! रोजच्या जागी घोडा उधळतो तो धरणाऱ्याचा हात ढिला असतो म्हणून. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी हेच म्हणालो. "दोरी तुझ्या हातात होती." तो छताकडे बघत पडून होता. उलटून एक शब्द बोलला नाही. चूक कबूल असल्याशिवाय माणूस असा गप्प बसतो का?

१८, मंगळवार

तळहाताला पट्टी बांधलीय. तरी लिहितो.

मागची गल्ली पाइप टाकायला खणून ठेवलीय. पंपापासून मागे फिरावं लागलं, आल्या वाटेने. म्हटलं, बाबांचा नियम एक दिवस मोडला तर आभाळ कोसळणार नाही.

कोसळलं! वखारीशी भिंगरी अशी उडाली, जणू वखार आजच जमिनीतून उगवलीय. डोळे पांढरे. दोरी तळहातातून सर्रकन गेली, सालटं निघालं. आणि माझा हात ढिला नव्हता. पस्तीस वर्षं दोरी धरलेला हात आहे. पूल ओलांडून शाळेच्या भिंतीशी थांबली बिचारी, घामाने निथळत. मुलं वर्गात होती हे नशीब.

तिची दोरी धरून तिथेच भिंतीला टेकलो. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जाताना वखार तिच्या उजव्या डोळ्यासमोर असते. परत येताना डाव्या. डाव्या डोळ्याने तिने वखार कधी पाहिलीच नव्हती! घोड्याच्या एका डोळ्याला शिकवलेलं दुसऱ्याला कळतंच असं नाही. हे मला काय ठाऊक नव्हतं? खोगीर मी दोन्ही बाजूंनी दाखवतो, ब्रश दोन्ही बाजूंनी, बादलीसुद्धा. रस्ता मात्र एकाच बाजूने. का, तर बाबांची फेरी!

तांबड्याचंही तेच झालं. आणि "वळ" म्हणणारा मी.

१९

आठवलं. धाकटा एकदा पुलावर म्हणाला होता, "दादा, एकदा फेरी उलटी मारून बघू या का?" मी म्हणालो, "बाबांपेक्षा शहाणा झालास का?" तो हसला. विषय संपला.

जिभेला हाड नाही माझ्या. कधीच नव्हतं.

२१, शुक्रवार

दुकानात गेलो. सांगायलाच गेलो होतो, देवाशपथ. धाकटा तराजूमागे होता. मला बघून टेबल धरून उठायला लागला. ते उठणं बघवेना. म्हटलं, "बस, बस. अर्धा किलो खिळे दे. दोन इंची." त्याने दिले. मी घेऊन आलो.

आणि भित्री कोण? तर म्हणे भिंगरी!

२२

पुन्हा खिळे.

२४, सोमवार

बायकोने पुड्या बघितल्या. "घर बांधताय का नवीन?" मग तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ताडताड बोलेल. तिने पुड्या फळीवर नीट रचल्या. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? दुकान तिकडे आहे."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. तीस तारीख जमायची नाही. अर्धा घोडा तयार आहे म्हटलं, अर्धा बाकी आहे. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

२६, बुधवार

सांगितलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. मुद्दाम ती असतानाच बोललो. दवाखान्यात सगळ्यांसमोर बोललो होतो ना? मग हे कोपऱ्यात नेऊन कसं सांगायचं? म्हटलं, "फेरी माझी चुकली. वळ मी म्हणालो. तुझा हात ढिला नव्हता रे." पुढचंही बरंच ठरवलेलं होतं, ते विसरलो आणि तेच पुन्हा एकदा म्हणालो. रंगाचा डबा घ्यायला आलेला माणूस डबा तिथेच ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

धाकटा तराजूकडे बघत होता. "बरं," म्हणाला. मग, "चहा घेतोस?"

नको म्हणालो. का नको म्हणालो? गाढव आहे मी!

२७, गुरुवार

धाकट्याची बायको आली होती. आत ये म्हटलं तर येईना, फाटकातूनच बोलली. "दादा, त्यांना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. ऑपरेशनच्या गुंगीतून बाहेर आले आणि म्हणाले, 'डावा डोळा होता गं. दादाला कळू देऊ नकोस, पुन्हा घोड्याला हात लावायचा नाही तो.' समोर आले तर तोंडातून निघून जाईल, म्हणून येत नव्हते इकडे."

वर्षभर तो मला सांभाळत होता. आणि मी त्याला माफ करून बसलो होतो!

उद्या दुकानात जाणार. चहा घ्यायला.