राय व्हिस्कीवर तज्ज्ञ अभिप्राय

३ नोव्हेंबर, रविवार
क्षितिजा दिवाळीला आली ती अमेरिकन राय व्हिस्की घेऊन. राय म्हणजे गव्हाचंच एक चुलत भावंड. लेक नेहमीप्रमाणे हिंदीत म्हणाली, पापा, आपकी नाक का ओपिनियन चाहिए. साहजिक आहे. उभा जन्म लखनौच्या प्रयोगशाळेत पुदिन्याचं तेल हुंगून पास-नापास करण्यात गेला. रिटायर झालो तरी वास-परीक्षकांच्या पॅनेलवर आहेच. १९ तारखेला तिथे नाकाची फेरचाचणी.
संकल्प : रोज एक छोटा पेग, शास्त्रशुद्ध. नाकालाही व्यायाम.

४ नोव्हेंबर, सायं. ७
लेबलवर लिहिलंय : मिरी, संत्र्याची साल, बडीशेप. मला काहीच नाही. स्टीलच्या पेल्यात घेतली, त्यात काय डोंबल वास येणार!

६ नोव्हेंबर
अमीनाबादच्या बाजारात जाऊन निमुळत्या तोंडाचे ग्लास आणले. गर्दीत जीव गेला, पाय ठणकतायत. वास : शून्य. आत मधुमतीने लसणाची फोडणी दिली होती म्हणे. मला ती जाणवली नाही, पण तीच आड आली असणार. बायकोला सांगितलं, टेस्टिंगच्या वेळी फोडणी बंद. ती म्हणाली, मग जेवणही बंद.

९ नोव्हेंबर, शनिवार
लक्ष्मीकांत आला. बँकेतून रिटायर झालेला. कॉलनीत मराठीतून भांडायला एवढाच एक माणूस. ग्लास नाकाशी नेताच म्हणाला, अरे वा, बडीशेप! आणि लवंग आहे यार! कर्जं वाटण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने मला लवंग शिकवावी! लेबल वाचून बोलतो लेकाचा.
नंतर पाहिलं, लेबलवर लवंग नाही. म्हणजे निव्वळ कल्पनाशक्ती.

१२ नोव्हेंबर
कंटाळा आलाय. हवा घाण आहे, अशा हवेत कुत्र्यालाही वास येणार नाही. पेग रद्द.
सकाळी दूध करपलं. मी ओट्याशेजारीच पेपर वाचत होतो. मधुमती बागेतून धावत आली. म्हणाली, अहो, फाटकापर्यंत वास सुटलाय, तुम्हाला कळलं नाही? मी अग्रलेखात गढलो होतो. एकाग्रता हा वैज्ञानिकाचा गुण, हे तिला कोण सांगणार. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. म्हटलं, साधी सर्दीसुद्धा नाही मला.

१५ नोव्हेंबर
क्षितिजाला फोनवर अभिप्राय दिला : फारच माइल्ड. अमेरिकनांना सपकच आवडतं. ती म्हणाली, माइल्ड तो है पापा, पर खुशबू कमाल की है ना? नेटवर्क खराब असल्याचं सांगून फोन ठेवला.
मग पाणी न घालता ग्लास भरला आणि नाक आत खुपसून बसलो. झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं. झोंबतंय म्हणजे नाक चालू आहे. चाचणीची चिंता मिटली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
फेरचाचणी. पूर्वा माझीच विद्यार्थिनी, आता पॅनेल तीच बघते. तिने कागदाच्या वासपट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. एक उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि सुरू केलं : आधी ओला पाला, मग किंचित मातकट, शेवटी गोडसर, माल उत्तम, पण जरा जुना. नवी मुलं भराभर लिहून घेत होती. पूर्वा जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, सर, पट्टी अभी डुबोई नहीं है.
म्हटलं, आधी कागद तपासतोय. ती म्हणाली, जी सर. बाकीची चाचणी तिने घेतलीच नाही. चहा मागवला, गेटपर्यंत सोडायला आली, स्वतः रिक्षा ठरवून दिली. त्यापेक्षा नापास केलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, सायं. ७
मधुमतीला सांगून टाकलं. मला वास येत नाही गं. कशाचाच नाही. भीती वाटते.
ती म्हणाली, माहीत आहे. डॉक्टरची उद्याची वेळ घेऊन ठेवलीय. दिवाळीत दुपारभर बेसन भाजत होते, तुम्ही एकदाही आत डोकावला नाहीत.