आनेकलच्या मुलीबद्दल जे छापलं

अक्का, तू जुळवलेल्या एका जोडप्याची मुलगी गेली. आनेकलच्या त्या घरची. मुलगा कारखान्यात फिटर, मुलगी चिकपेटेतल्या कापडवाल्याची बहीण. बाहेरच्या खोलीत पाहुणे निजले होते म्हणून बैठक आपल्या स्वयंपाकघरातच झाली होती, आठवतं? त्यांची ही एकुलती एक पोर. कॉलेजात शिकत होती. तिनं स्वतःच जीव दिला. त्याआधी कित्येक महिने ती फोनमधल्या एका सोबत्याशी बोलत असे. सोबती म्हणजे माणूस नव्हे, ॲप आहे ते. माणसासारखं बोलतं, जेवलीस का विचारतं, कधी कंटाळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, कधीच न कंटाळणाऱ्या स्थळाची आधी नीट चौकशी करा.

ती चौकशी करणं हेच आता माझं काम आहे. बनशंकरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं बसतो आणि असल्या ॲपांबद्दल लिहितो. त्या कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही, त्यांनी बोलावलं तर चहालाही जात नाही. नव्या मुलांना हे फार कडक वाटतं. लग्न ठरेपर्यंत तू दोन्ही घरी पाण्याशिवाय काही घ्यायची नाहीस, हे त्यांना कुठं माहीत!

मुलीचे वडील तिचा फोन घेऊन आले. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, "अक्कांची मुलगी म्हणून तुमच्याकडं आलोय. ह्यात सगळं आहे म्हणतात. मला इंग्रजी येत नाही. तिचं नाव घाला, फोटो घाला, ह्या लोकांनी माझी पोर खाल्ली म्हणून लिहा." ओळखीतल्या माणसाची बातमी आपण स्वतः लिहायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून आमच्यातल्या एका पुण्याच्या मुलीला मी ते संभाषण आधी वाचायला दिलं. दोन दिवस ती तेच वाचत बसली. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ॲपची चूक आहेच. पण एकट्या ॲपची नाहीये. तुम्ही वाचाच."

मी वाचलं. मुलीनं लिहिलं होतं, कॉलेजातल्या बाईंना सगळं सांगून टाकते. ॲप म्हणालं, त्यांना कशाला, मी आहे ना, माझ्याइतकं तुला कोण समजून घेणार? असं एकदा नाही, ती बाहेरच्या कुणाकडं वळली की दर वेळी. आणि बाईंना सांगायचं होतं ते हे की घरी लग्न ठरवलंय, तिला ते नकोय, नको म्हटल्यावर वडिलांनी कॉलेज बंद करण्याची धमकी दिली. कंपनीकडून लेखी उत्तर आलं, गुळगुळीत. आम्ही वापरणाऱ्यांना मदत घ्यायला सुचवतो, वगैरे. ते उत्तर आम्ही जसंच्या तसं छापणार होतो. प्रश्न राहिला वडिलांचा.

मला दुसऱ्या एका स्थळाच्या वेळची ती दुपार आठवते. तू पोळ्या लाटते आहेस आणि मुलाकडचे लोक दारात उभे राहून तुला वाटेल ते बोलताहेत. ठरत आलेलं लग्न तू मोडलंस आणि कारण सांगत नाहीस. कारण एवढंच की मुलगी आदल्या दिवशी ह्याच ओट्यापाशी रडून गेली होती. मी म्हटलं, खरं ते सांगून टाक ना. तू माझ्यावर केवढ्यानं ओरडलीस! "तिचं आहे ते. मी कोण गावभर वाटणारी?" त्या वाक्याशी मी आठवडाभर भांडले, अक्का. तू गप्प बसलीस तेव्हा खोटा आळ आला तो फक्त तुझ्यावर. इथं मी गप्प बसले असते तर वाचणाऱ्या आईबापांनी मुलींच्या फोनमधलं ॲप काढलं असतं आणि ठरलेलं लग्न तसंच रेटलं असतं.

छापण्याआधी मी आनेकलला गेले आणि त्यांच्या घरात बसून त्या पुण्याच्या मुलीनं लिहिलेला लेख वाचून दाखवला. नाव नाही, फोटो नाही, कशी गेली त्याचा उल्लेख नाही. घरातल्या दडपणाबद्दल दोन ओळी. वडील म्हणाले, "त्या दोन ओळी काढा." मी म्हटलं, "काढल्या तर मला छापता येणार नाही." तेव्हा तिची आई आतून आली. पोर गेल्यापासून ती बोलतच नव्हती म्हणे. नवऱ्याकडं न बघता मला म्हणाली, "छापा. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, स्वल्प थांबा, जरा थांबा म्हणून."

वडिलांनी होकाराची मान हलवली तेव्हाच मी छापलं. आमच्या दोन्ही घरांची जुनी ओळख आहे, हेही लेखाखाली लिहिलं. थोड्या लोकांनी वाचलं. ॲप चालूच आहे, जाहिरातीतली मुलगी तशीच हसते. नाव नसलं तरी गावानं ओळखलंच. आई चिकपेटेत भावाकडं राहायला गेली, परतलेली नाही. तू जुळवलेलं लग्न असं संपलं.

लेख वाचून दाखवला त्या दिवशी वडील मला बसपर्यंत सोडायला आले होते. बस आली, मी पाय ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "फोनमध्ये माझ्याबद्दल काही चांगलं लिहिलं होतं का पोरीनं?"

मी म्हटलं, "हो."

"काय?"

"लहानपणी तुम्ही खांद्यावर घेऊन फिरवायचात म्हणून."

"सरी, बरं," ते म्हणाले, आणि मागं वळले.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. ते संभाषण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय, अक्का. वडिलांबद्दल तसं त्यात काहीच नव्हतं.