संथ चालीचं गाणं

नेर, शुक्रवार. नुकतेच दिवे लागले.

गाणं एवढ्या घाईत काहून गेलं? तेच डोक्यात घोळून राह्यलं.

सकाळी रेडिओवर ऐकलं, आपल्या आवडत्या गाण्याचे संगीतकार गेले. संध्याकाळी रहीमचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर सारा मोहल्ला जमला. यंदा अळीनं कापूस खाल्ला, ऐन हंगामात सारे रिकामेच. मीही समोरच्या ओट्यावरून उतरून गेली.

चाचांचा टेप विजेवर चालते. अन् आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज इतकं कमी, की त्या संगीतकारायचं गाणं संथच वाजते. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तसंच ऐकलं, पोरीच्या पाळण्याशी तसंच गायलं.

"आज तरी सायबांचं गाणं सही चालीत लावतो," म्हणत चाचांनी टेपात नवे सेल टाकले.

गाणं पळालं. आम्ही सोबत गायला लागलो अन् मागंच राह्यलो. एकेक करून सारे गप. म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीचंच गात होतो?

"चाचा, ते सेल काढा न," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"बेटी, त्यायनं असंच बनवलं होतं."

"मालूम आहे. तरी काढा."

चाचांनी सेल काढले, वायर लावली. गाणं संथ झालं, बोंडातून सुटलेल्या कापसासारखं हवेत तरंगत राह्यलं. सारे गायले. चाचाही, डोळे मिटून.

त्या संगीतकारायले कधी कळलंच नसेल, आमच्या नेरात त्यायचं गाणं जरा उशिरा संपते.