कॅनाव्हेरलच्या नावाबाबत व्हर्नरदाजींना

केप कॅनाव्हेरल, फ्लोरिडा
(आई खांद्यामागे उभी आहे, तेव्हा दुसरं काही लिहायची सोय नाही)
९ एप्रिल १९७३

आदरणीय व्हर्नरदाजी यांस,

कंबर धरली आहे, त्यामुळे वाकून जमत नाही. खुर्चीत बसूनच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा रक्तदाब, ओपलताईचे गुडघे आणि तुमचा तो आंधळा कुत्रा, तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे चंद्रावर जायचं काम डिसेंबरात संपलं, निम्मं गाव घरं विकून चालतं झालं, आणि उरलेल्या निम्म्याला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून ते गावावर प्रेम करतं. एवढं सोडलं तर क्षेम. आई एक्याण्णव वर्षांची झाली. तिची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे आणि हे ती मला रोज नाश्त्याच्या वेळी सांगते.

पत्रास कारण की, तुम्ही टॅलाहासीला विधिमंडळात एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर नेता, आणि त्यामुळे आईच्या लेखी हे राज्य तुम्हीच चालवता. (मी दोनदा समजावलं. ती म्हणाली, "कागद ज्याच्या हातात, राज्य त्याचं.") आमच्या भूशिराला जुनं नाव परत द्यायचं विधेयक तुमच्या खात्यात येऊन पडलंय, त्याची खबर तुम्ही घ्यावी असा तिचा हुकूम आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो. चारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश खलाशी इथे उतरले. इथल्या मूळच्या लोकांनी बोरूचे बाण मारून त्यांचं स्वागत केलं. जे जिवंत परतले त्यांनी नकाशावर 'कॅनाव्हेरल' लिहिलं, म्हणजे बोरूचं बन. (बाणांची हकिगत आई सांगते. ती तिथे नव्हती, पण सांगते अशी की वाटावं होती.) पुढची साडेतीनशे वर्षं या जागेकडे डास, दीपगृह आणि आमचं घराणं यांखेरीज कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग सरकारला रॉकेटं उडवायला जागा हवी झाली, आणि खाली समुद्र असला की पडली तरी कोणाच्या डोक्यावर पडत नाहीत, हे कोणा हुशार माणसाच्या लक्षात आलं. आमची संत्र्यांची बाग गेली, घर गेलं, बाबांचं थडगं कुंपणाच्या आत राहिलं. एवढं होऊनही आईने तक्रार केली नाही. सरकारने निदान नाव तरी ठेवलंय, म्हणाली.

त्रेसष्ट सालच्या नोव्हेंबरात तेही गेलं. अध्यक्षांना गोळी लागली आणि आठवड्याच्या आत आम्ही सगळे केप केनेडीचे रहिवासी झालो, आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. आई अध्यक्षांसाठी तीन दिवस रडली होती, त्यांचा फोटो अजून तिच्या स्वयंपाकघरात आहे. पण चौथ्या दिवशी रेडिओवर ऐकलं आणि डोळे पुसून म्हणाली, "माणूस गेला, वाईट झालं. पण म्हणून माझं जन्मगाव त्याच्याबरोबर कशाला पुरायचं?" आणि दाजी, फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नव्या नावाची पाटी कोणी रंगवली असेल? मीच. गावात दुसरा रंगारी नव्हता. आई ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी घरी गेलो की माझ्या बायकोला, जुआनेलला, सांगायची, "रंगारी आलाय, त्याला कॉफी विचार." (जुआनेल विचारायचीसुद्धा. चोवीस वर्षांच्या संसारात मला तेवढं आदरातिथ्य कधी मिळालं नव्हतं.)

त्यानंतर तिने शपथ घेतली, ती तुम्हाला माहीतच आहे: नाव परत आल्याशिवाय मरायचं नाही. केप केनेडी नावाच्या ठिकाणी आपण जन्मलो नाही, तिथे लग्न केलं नाही, तेव्हा तिथे पुरूनही घेणार नाही. वसंतात थडगी झाडून फुलं वाहायच्या दिवशी फाटकावर पास देतात, त्या पासावर नवं नाव छापलंय म्हणून ती सही करत नाही. नऊ वर्षं झाली, ती बाबांच्या थडग्यापाशी गेलेली नाही. दरवर्षी डबा घेऊन, चांगली टोपी घालून फाटकापर्यंत येते, पास वाचते, परत करते, आणि बाहेर गाडीत बसून राहते. आत मी जातो, गवत मी काढतो. बाहेर आलो की विचारते, "माझी चौकशी केली का त्यांनी?" मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

टपालाचंही तेच. पाकिटावर नवं नाव दिसलं की त्यावर 'असं गाव नाही' लिहून परत. अशा रीतीने डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र परत गेलं, चुलत भाचीच्या लग्नाचं आमंत्रण गेलं, आणि यंदा फेब्रुवारीत नावाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला येणाऱ्या समितीचं आमंत्रणही गेलं. समितीने बिचारीने जुन्या रहिवाशांची यादी काढून पहिलं पत्र तिलाच पाठवलं होतं. पण पाकीट टाईप करणाऱ्याने सवयीने पत्त्यात केप केनेडी लिहिलं. दहा वर्षं जिची वाट पाहिली ती चौकशी तिने स्वतःच्या हाताने टपालात परत टाकली, वर पोस्टमनला दम भरला. सभा सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर तिला हे वाण्याच्या दुकानात कळलं.

मग काय सांगू. घरी येऊन तिने काळा पोशाख चढवला (तोच, पुरताना घालायचा म्हणून दरवर्षी इस्त्री करून ठेवते तो) आणि मला शाळेच्या सभागृहात गाडी हाकायला लावली. आत मोटेलवाला लमार पिकेट भाषण करत होता. त्याचा युक्तिवाद असा, की आपण बाराशे टॉवेलांवर 'केप केनेडी' विणून घेतलंय, तेव्हा नाव बदलणं हे दिवंगत अध्यक्षांच्या स्मृतीचा अपमान होईल. आई मधल्या वाटेतून काठी टेकत पुढे गेली आणि म्हणाली, "लमार, बस खाली. टॉवेल विरतात." पिकेट बसला. (त्याला लहानपणी तिनेच रविवारच्या शाळेत शिकवलंय.) मग तिने घरचं बायबल उघडलं, पहिल्या पानावरची आजोबांच्या हातची नोंद वाचली: १८८२, कॅनाव्हेरलच्या दीपगृहात मुलगी झाली, वारा ईशान्येचा. आणि सव्वा तास बोलली. समितीच्या अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा तिने त्यांना ते काढून टेबलावर ठेवायला सांगितलं.

मला वाटलं होतं, एवढ्यावर सुटलो. छे. समितीला सह्या हव्या होत्या, आणि त्या गोळा करायला तुमचा हा मेहुणा, वय चौसष्ट, कंबर वरीलप्रमाणे. सामानाच्या ट्रकवर गाद्या चढवणाऱ्या लोकांपुढे मी कागद धरला. एक इंजिनियर म्हणाला, "काका, नाव काय ठेवायचं ते ठेवा, आम्ही ओहायोला चाललो." पण सही केली. पिकेटनेही केली, टॉवेल पुसणी म्हणून विकता येतील असं त्याने ठरवलंय. एकूण आठशे बारा सह्या झाल्या, आणि सोबतच्या पुडक्यात त्या पाठवत आहे.

त्या दिवसापासून आईची धांदल पाहावी. कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या. पेरूचा मुरंबा संपवत आणलाय, नवा करायचा नाही म्हणाली. पाळकांना बोलावून कोणती भजनं म्हणायची ते लिहून दिलं, आणि त्यांच्या वाद्यवाल्या बाईने पेडल जास्त दाबू नये हेही. काळ्या पोशाखाची शिवण उसवली होती, ती परवा घालून घेतली. गावाला निघालेल्या बाईसारखी ती घरभर फिरते आणि दर सकाळी विचारते, व्हर्नरचं काही कळलं का.

तेव्हा दाजी, विधेयक लवकर पुढे सरकेल असं पाहावं. अख्ख्या गावाची, इतिहासाची आणि मुख्य म्हणजे माझ्या मानगुटीवर बसलेल्या व्यक्तीची हीच इच्छा आहे. ओपलताईला नमस्कार, कुत्र्याला एक थाप.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
ऑटिस

ता. क. वरचं सगळं आईने चष्मा लावून वाचलं, 'सव्वा तास' खोडून 'थोडक्यात' लिहायला सांगितलं (मी विसरलो), आणि तुम्हाला आशीर्वाद दिलेत. मे अखेरपर्यंत काम झालं पाहिजे, पावसाळ्यात तिला कोणाला खड्डा खणायला लावायचं नाही.

दुसरा ता. क. हे टपाल कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहून लिहितोय, आई गाडीत आहे. दाजी, विधेयक दाबून ठेवा. सरकारात कागद हरवायला फारशी हुशारी लागत नाही, असं तुम्हीच नाताळात म्हणाला होतात. हा एक हरवा. तो सापडला की दुसऱ्या खात्याचा शेरा मागवा, शेरा आला की स्पेलिंगची शंका काढा, सह्यांतल्या निम्म्या ओहायोच्या आहेत म्हणून पुडकं परत पाठवा, मी पुन्हा गोळा करीन, सावकाश गोळा करीन. कंबरेचं खोटं नाही, पण मी दारोदार फिरेन. दहा वर्षं ती त्या पाटीवर चिडून जगली, आता चिडायचं कारण काढून घेतलं तर ती पोशाख घालून पडून राहील आणि म्हटल्याप्रमाणे करून दाखवील. तिने म्हटलेलं न केल्याचं मला तरी आठवत नाही. काल रात्री जेवताना तिने बाबांबद्दल विचारलं, त्यांना अजून ओळख पटेल का म्हणून. मला पानावरून उठावं लागलं. मला अजून आई हवी आहे, दाजी. पत्र वाचून झालं की फाडून टाका, ओपलताईच्या हाती लागू देऊ नका. ती हुबेहूब आईवर गेली आहे, विधेयक स्वतः उचलून राज्यपालांकडे नेईल.