धोंडीबाकाका गप्प बसले तेव्हा

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. नील बरा आहे, मी बरी आहे, टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत आणि आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा उरलेली नाही, एवढंच काय ते संकट. फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि 'हे घे, आईशी बोल' म्हणून फोन देऊन टाकता. व्हॉट्सॲपवर काही लांबलचक पाठवलं की अंगठा दाखवून मोकळे होता. कागदावरचं मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरातली चिठ्ठीसुद्धा. म्हणून हा खटाटोप. चष्मा लावा आणि खिडकीपाशी बसून सावकाश वाचा. मध्येच आईला हाक मारू नका.

नवीन काम मिळालं तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, लोकांशी गप्पा मारायचा पगार देतात का गं. मी हसून विषय बदलला होता, कारण ते काम नेमकं काय आहे हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. आमची कंपनी दवाखान्यांसाठी ॲप बनवते. ती वापरणाऱ्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं कुठे अडतं ते समजून घ्यायचं आणि परत येऊन बनवणाऱ्यांना सांगायचं. यूजर रिसर्च म्हणतात त्याला. मला वाटलं होतं, यात शिकायचं काय, बोलता तर सगळ्यांनाच येतं. आणि पहिलंच मोठं काम हातात आलं ते डायलिसिस सेंटरचं. पेशंटना ठरलेल्या दिवसाची आठवण करून द्यायला आमचं ॲप आदल्या संध्याकाळी घंटी वाजवतं. तरी काही पेशंट येतच नाहीत. ऑफिसात सगळ्यांचं मत पडलं की ते विसरतात, घंटी मोठी करू या. तेवढं पेशंटकडून वदवून आण, असं मला सांगण्यात आलं. हे काम नको म्हणावं असं क्षणभर मनात आलं होतं. का, ते तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिले काही इंटरव्ह्यू मी झोकात घेतले. निदान मला तसं वाटलं. डोंबिवलीत विमलाबाई म्हणून एक पेशंट भेटल्या, फार गोड बाई. घंटी ऐकू येते का, हो. उपयोग होतो का, हो. अजून मोठी असती तर बरं झालं असतं का, हो की. मी खूश होऊन ऑफिसात परतले. माझी वरिष्ठ रुचिता वयाने माझ्याहून लहान आहे, पण या कामात मुरलेली. तिने मला शेजारी बसवून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकणं हीच मोठी शिक्षा असते, बाबा. मी प्रश्न विचारतच नव्हते, उत्तर हातात देत होते आणि त्या बिचाऱ्या ते घेऊन मला परत करत होत्या. कुठे जरा शांतता झाली की मी घाईघाईने काहीतरी बोलून ती भरून टाकत होते. एका जागी विमलाबाई म्हणाल्या, 'पण त्या दिवशी ना...' आणि मी लगेच, 'हो हो, समजलं, त्रास होतोच.' रुचिताने तिथे रेकॉर्डिंग थांबवलं. काय समजलं तुला, एवढंच तिने विचारलं. मला काहीच समजलेलं नव्हतं. मी विमलाबाईंना पुन्हा फोन केला, तर म्हणाल्या, अगं कुठे, मला नाही आठवत आता.

मग रुचिताने मला शिकवायला घेतलं. 'वाटतं का', 'होतं का' असे प्रश्न विचारायचे नाहीत, माणूस भिडेखातर हो म्हणतो. नेहमी काय करता असंही विचारायचं नाही, त्यावर माणूस आपण कसं वागायला हवं ते सांगतो. मागच्या वेळी काय झालं, सकाळी उठल्यापासून, ते विचारायचं. मध्ये काही सुचवायचं नाही. आणि तो गप्प झाला की आपणही गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. मी नीलवर सराव करत होते. मागच्या वेळी तू भाजी आणलीस तेव्हा काय काय झालं, असं विचारून त्याच्या तोंडाकडे बघत बसले. तो म्हणाला, यात भांडण कुठे आहे ते सांग, मी आधीच माफी मागतो.

आता ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचं नाव मी बदललंय, कारण त्यांना तसा शब्द दिला होता. ही गोष्ट घरी बाबांना सांगू का, हे मात्र विचारून घेतलंय, ते हो म्हणालेत. त्यांना धोंडीबाकाका म्हणू या. मोहन्याला राहतात, तिथल्याच कारखान्यात उमेदीची वर्षं गेली. बायको नाही, मुलगा बाहेरगावी असतो. घरात सून, तिला शेवंती म्हणते. ती शिवणाच्या कारखान्यात जाते. मी गेले तेव्हा तिने चहा ठेवला आणि 'हे कधी चुकवत नाहीत हो, मशीनच मधून मधून बंद असतं' असं सांगून कामाला निघून गेली. माझ्या यादीत तर काकांच्या नावापुढे गैरहजेरी होती. मी ते बोलले नाही. पण त्यांचे पाय दिसत होते. घोटे सुजून चपलेचा पट्टा आत रुतला होता. आपल्या घरात तसे पाय मी अजून पाहिलेले नाहीत आणि मला पाहायचेही नाहीत. चहाचा कप मी खाली ठेवला.

मागच्या वेळी सेंटरला जायचं होतं त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. अंघोळ केली, शेवंतीने डबा दिला, रिक्षात बसवून दिलं. आणि मग आलो घरी, म्हणाले. रिक्षात बसणं आणि घरी येणं यांच्यामध्ये काहीच नव्हतं. पूर्वीची मी असते तर पटकन म्हणाले असते, मशीन बंद होतं ना काका, आणि ते सुटल्यासारखे हो म्हणाले असते. मी ओढणीत हात गुंडाळून धरला आणि गप्प बसले. ते भिंतीकडे बघत होते. मला वाटत होतं, आपण म्हाताऱ्या माणसाला छळतोय, उठावं आणि जावं. तेवढ्यात ते म्हणाले, "गेलोच न्हाई मी."

सेंटरच्या अलीकडे एका झाडाखाली बाक आहे. तिथे बसतात, वेळ झाली की दुसरी रिक्षा करून परत येतात आणि मशीन बंद होतं म्हणून सांगतात. नेहमी नाही, मधून मधून. सेंटरमध्ये शेजारच्या पलंगावर एक मास्तर असायचे. दोघांची गट्टी होती, क्रिकेटवरून वाद चालायचे. एक दिवस मास्तरांचं मशीन वाजायला लागलं, नर्स धावल्या, पडदा ओढला गेला. पुढच्या खेपेला त्या पलंगाखाली दुसऱ्याच कुणाच्या चपला होत्या. कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, तुम्ही कुणाला विचारलं का मग. ते म्हणाले, "इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं ना." आणि बाबा, आमच्या ॲपची ती घंटी त्यांना त्या मशीनसारखी ऐकू येत होती. आदल्या संध्याकाळी ती वाजली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. विसरणं तर दूरच. आम्ही ती मोठी करायला निघालो होतो.

मी बाहेर आले ती पेचात पडूनच. तुमचं बोलणं घरच्यांना किंवा दवाखान्याला कळणार नाही असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, म्हणून तर ते बोलले. आणि गप्प राहावं तर माणूस हातचा जाईल. एक खेप चुकली की शरीरात काय काय साचतं ते मी इतकं वाचलंय, तुम्हालाही पाठवलंय, तुम्ही अंगठे दाखवलेत. रुचिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दिलेला शब्द त्यांचा आहे, म्हणून आधी त्यांच्याकडेच जा, पण गेल्याशिवाय राहू नकोस. मी फोन लावत राहिले, ते उचलेनात. दुसऱ्या दिवशी त्यांची खेप होती. सकाळीच शहाडहून रिक्षा करून मोहन्याला गेले. वाटभर मला तो बाकच दिसत होता.

ते दारातच होते, कपडे करून तयार. शेवंती पाण्याची बाटली भरत होती. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे शेवंतीला तुम्ही सांगता का मी सांगू. त्यांनी पायातल्या चपला परत काढल्या. मग म्हणाले, "तू हितं बस. मीच सांगतो." आणि आत जाऊन, सुनेकडे न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. शेवंती आधी माझ्यावरच भडकली. आमच्या घरात येऊन असलं काढून घेणाऱ्या तुम्ही कोण, म्हणाली. मग तिने खांद्यावरची पर्स काढून ठेवली, कामावर फोन करून आज येत नाही असं कळवलं आणि सासऱ्यांच्या शेजारी रिक्षात बसली. मला नको म्हणाली नाही, म्हणून मीही बसले.

सेंटरमध्ये तिने नर्सला सरळ विचारलं, मास्तरांचं काय झालं. मास्तर गेले होते. मशीनवर नाही, काही दिवसांनी घरी, हृदयविकाराने. काकांनी ते ऐकलं, पलंगाच्या कडेला बसले, टॉवेलमध्ये तोंड धरून रडले. मला वाटलं, आता हे उठून जाणार, आपण फार वाईट केलं. थोड्या वेळाने त्यांनी सुईसाठी आपला हात स्वतःच पुढे केला. त्या दिवशी त्यांना धाप लागत होती, डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आता जातात. भीती गेलेली नाही. शेवंती सांगते, एखाद्या दिवशी सकाळपासून तोंड फुगवून बसतात, त्या दिवशी ती सोबत जाते. ऑफिसात आम्ही ती घंटी काढली, कसला आवाज हवा आणि हवा का नको, ते आता पेशंट ठरवतो. मला टाळ्या मिळाल्या. मी टाळ्या घेत होते आणि माझं मन ठाकुर्लीला, तुमच्यापाशी होतं.

कारण त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. पुढे डायलिसिस करता यावं म्हणून हाताची शीर तयार करतात, त्या फिस्टुलाच्या छोट्या ऑपरेशनसाठी तुम्ही कल्याणला एकटेच गेलात, आई येते म्हणाली तरी नको म्हणालात, आणि दुपारी परत येऊन सांगितलंत की डॉक्टर आलेच नव्हते. आईने नवी तारीख घ्यायला दवाखान्यात फोन केला. डॉक्टर सकाळपासून तिथेच होते, बाबा. तुमचं नाव पुकारलं होतं. आई तुम्हाला काही बोलली नाही, मला म्हणाली, तू समजाव त्यांना. आणखी दोन महिन्यांनी डायलिसिस सुरू करायची वेळ येईल तेव्हा हाताची शीर तयार नसेल तर काय होईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. मी समजावायला येत नाहीये. मला माझे अंदाजही तुम्हाला सांगायचे नाहीत, कारण मी एखादा सांगितला की तुम्ही मला बरं वाटावं म्हणून त्याला हो म्हणाल. शनिवारी सकाळी येते. आई उत्तरामावशीकडे जाणार आहे, घरात आपण दोघंच असू. त्या दिवशी घरातून निघाल्यापासून काय काय झालं, एवढंच विचारीन. तुम्ही गप्प बसलात तर मी बसून राहीन, टीव्ही लावलात तरी. मला फार भीती वाटतेय, ती तुमच्यापासून लपवत नाही. ऑपरेशन नकोच असं तुमच्या मनात असेल तर तेही म्हणा, मी पुरतं ऐकून घेईन. फक्त डॉक्टर आले नव्हते असं मला सांगू नका.

तुमचीच,
नीरजा