कलमाआधीचं फळ

प्रिय नोरीन,

मेलबर्नला सुखरूप पोचलो. जेवण बरं आहे. हात ऐकत नाहीत, तेव्हा अक्षर लावून वाच. सफरचंदं उतरवायला माणसं मिळाली का?

आज डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून मेंदूत सोडायच्या मूळपेशींचं सगळं समजावलं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या कलमासारखंच. जुन्या खोडावर नवी जात बांधली की पुढचं फळ नव्या जातीचं. आईकडून आलेला हा हंटिंग्टनचा आजार माझ्यापाशीच संपणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "डेसमंड, या पेशी तुमच्या मेंदूतच राहणार. मुलीला जे मिळायचं ते जन्मतःच मिळालंय. आणि तुम्ही बरे व्हाल, असंही मी कधी म्हटलं नाही. हा प्रयोग आहे. यानं अपाय होत नाही ना, एवढंच आधी बघायचंय."

कागदावरही तसंच लिहिलंय. मी वाचूनच सही केली होती. आपली रॉबिन तर कलम बांधायच्या आधीचं फळ. चाळीस वर्षं बाग करून मला एवढं कळू नये?

तिच्या रक्ततपासणीची चिठ्ठी मीच शेगडीत टाकली, हे तुला सांगितलं नव्हतं. मूल होऊ देण्याआधी तिला ती तपासणी करायची होती. आता पाचवा महिना लागला ना? पाय सुजतात का तिचे?

तिला तू काही बोलू नकोस. शनिवारी येऊन मीच सांगेन. कलम झालं की हा आजार माझ्यापाशीच संपेल, तपासणी कशाला, असं मी म्हटलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं होतं, "बाबा, नक्की ना?" आणि मी हसून म्हणालो होतो, "बागाईतदार मी की तू?"

तुझाच,
डेस