दार वाजवून निघून येणं

शुक्रवार, मगरिबच्या नमाजनंतर

सदका गुपचूप द्यावा, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही अब्बांची शिकवण. म्हणून एकट्या राहणाऱ्या सकीनाखालांच्या उंबऱ्यावर दर शुक्रवारी शिध्याची पिशवी ठेवायची, दार वाजवायचं आणि ते उघडायच्या आत निघून यायचं. आज दाराला कुलूप. शेजारच्या फुलवाल्या मंदाबाई म्हणाल्या, "मंगळवारी वारल्या हो खाला. तुम्ही कोण त्यांच्या?"

कोण मी?

"शुक्रवारी दोन कप चहा टाकायच्या," मंदाबाईच पुढे बोलल्या. "म्हणायच्या, दार वाजवणारं माणूस आज तरी थांबेल."

मान खाली जाऊ नये म्हणून मी त्यांचा चेहराही कधी पाहिला नाही. थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पिशवी मंदाबाईंना दिली. निघताना ते कुलूप लावलेलं दार पुन्हा वाजवलं. आणि थांबले.